काँक्रीटवरचे डांबर किती वर्षे टिकते?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रस्त्यांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. रस्ता हा अभियंत्यांचा विषय. आपण फार तर त्यावर कविता करावी, असा एक समज आहे. परंतु रस्ता सार्वजनिक पैशातून होतो, आणि सार्वजनिक पैसा कसा खर्च व्हावा हा अर्थशास्त्राचा, राज्यशास्त्राचा आणि खरे म्हणजे प्रत्येक नागरिकाचा विषय आहे. भांडवली खर्च आणि देखभालीचा खर्च यांतला भेद मी पुस्तकातून पाठ केला होता. तो खऱ्या अर्थाने समजला मात्र एका साध्या प्रश्नामुळे. काँक्रीटच्या जुन्या महामार्गावर डांबराचा थर दिला, तर तो किती वर्षे टिकतो?

प्रश्न एका ओळीचा आहे आणि उत्तरही एका ओळीत देता येते : साधारण आठ ते पंधरा वर्षे. पण परीक्षेत एवढेच लिहिले तर अर्धेच गुण मिळावेत. कारण कुठे हा थर तीन-चार वर्षांतच तडकू लागतो, तर कुठे तो तीस वर्षांच्या हिशेबाने घातला जातो. डांबर तेच, खडी तीच, रोलरही तोच. मग एवढा फरक का? त्याचे कारण डांबरात फारसे नाही. ते डांबराच्या खाली आहे. हीच एक गोष्ट मला या लेखात सांगायची आहे.

दोन रस्ते, दोन स्वभाव

प्रथम दोन्ही रस्त्यांचे स्वभाव पाहू. डांबरी रस्ता लवचिक असतो. त्यावर चाक आले की भार डांबराच्या थरातून खडीवर, खडीतून मुरमावर आणि मुरमातून मातीवर उतरत जातो. प्रत्येक थर किंचित दबतो आणि चाक पुढे गेले की पुन्हा वर येतो. काँक्रीटची लादी अशी सहजासहजी दबत नाही. चिखलावर फळी टाकून आपण पलीकडे जातो, तेव्हा आपला भार फळीच्या साऱ्या लांबीवर वाटला जातो. काँक्रीटचे तसेच आहे. चाकाचा भार ते लांबरुंद पसरवते, आणि म्हणून खालची जमीन थोडी कच्ची असली तरी निभावून नेते.

या ताठपणाची किंमतही काँक्रीट मोजते. उन्हाने ते पसरते, थंडीने आखडते. मैलभर अखंड पट्टा ओतला तर तो आपल्या मर्जीने वाटेल तिथे तडकेल. म्हणून अभियंते ठराविक अंतरावर सांधे ठेवतात. ‘बाबा रे, तडकायचेच असेल तर इथे, सरळ रेषेत तडक,’ असे जणू आधीच बजावून ठेवतात. आपल्याकडच्या नव्या काँक्रीटच्या महामार्गांवर दोन सांध्यांमधले अंतर बहुधा साडेचार मीटर असते. एका लादीवरचा भार शेजारच्या लादीने वाटून घ्यावा म्हणून सांध्यात गुळगुळीत लोखंडी सळ्या बसवतात. त्यांना ‘डॉवेल’ म्हणतात. सांधा हा काँक्रीटच्या रस्त्याचा श्वास आहे, आणि त्याचे मर्मस्थानही तेच आहे.

माझे वडील मालट्रक चालवतात. त्यांना यातला एकही तांत्रिक शब्द ठाऊक नाही, पण या लेखाचा विषय मी त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, “सांधा आधी कानाला कळतो, मग कमरेला, आणि डोळ्यांना सगळ्यात शेवटी.” नव्या काँक्रीटवर टायरचा एकसुरी आवाज येतो. रस्ता जुना झाला, लाद्या खालीवर झाल्या, की आगगाडीच्या रुळांसारखा ठेका सुरू होतो. त्या ठेक्याचे कारण असे : सांध्यात भरलेले रबरासारखे द्रव्य वाळते, फाटते, आणि पावसाचे पाणी खाली उतरते. चाक सांध्यावर आले की लादीचे टोक दबते, आणि अडकलेले पाणी बारीक माती घेऊन पिचकारीसारखे बाहेर उडते. असे लाखो वेळा झाले की टोकाखालची माती निघून जाते आणि तिथे पोकळी होते. वरून लादी धडधाकट दिसते. खालून ती अधांतरी झालेली असते.

अशा वेळी वर डांबराचा थर देण्याचा विचार पुढे येतो. त्याला चांगली कारणेही आहेत. घासून गुळगुळीत झालेल्या काँक्रीटवर गाडी घसरते; डांबराने पकड परत येते. ठेका आणि आवाज कमी होतो. काँक्रीटच्या दुरुस्तीला पाणी मारत थांबावे लागते, डांबर थंड झाले की त्याच दिवशी वाहतूक सोडता येते. शिवाय रस्ता एका रात्रीत नवाकोरा दिसतो. हा शेवटचा मुद्दा अभियांत्रिकीच्या पुस्तकात नसतो, पण व्यवहारात त्याचे वजन सर्वांत जास्त असावे असे मला वाटते.

खालची भेग वर कशी येते?

घराच्या भिंतीला भेग पडली आणि तिच्यावर नुसता चुना मारला, तर एक-दोन पावसाळ्यांत तीच भेग, त्याच वळणाने, चुन्यावर उमटते. हा अनुभव आपणा सर्वांना आहे. काँक्रीटवरच्या डांबराचे नेमके हेच होते. खालचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक तडा काही काळाने डांबरावर उमटतो. अभियंते याला ‘रिफ्लेक्टिव्ह क्रॅकिंग’ म्हणतात. मराठीत आपण ‘उमटणाऱ्या भेगा’ म्हणू. रस्त्यावर दर काही मीटरवर आडवी, सरळ, जणू पट्टीने आखलेली भेग दिसली, तर खाली काँक्रीट आहे असे खुशाल समजावे.

या भेगा दोन हालचालींमुळे पडतात. पहिली हालचाल आडवी, म्हणजे तापमानाची. थोडे गणित करू. कला शाखेलाही झेपेल इतके सोपे आहे. एक मीटर काँक्रीट एक अंश सेल्सिअसने तापले की मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाइतके वाढते. म्हणजे साडेचार मीटरची लादी पंचवीस अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरहून किंचित जास्त हलते. हे किरकोळ वाटते. पण लादी तेवीस-चोवीस मीटर लांब असेल आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात चाळीस अंशांचा फरक पडत असेल, तर कागदावरच्या हिशेबाने तोच सांधा नऊ मिलिमीटरांहून अधिक उघडतो व मिटतो. वर चिकटलेल्या डांबराला सांध्याच्या त्या अरुंद रेषेवर हा सारा ताण सोसावा लागतो. त्यात दैवदुर्विलास असा की सांधा सर्वांत जास्त उघडतो तो कडाक्याच्या थंडीत, आणि डांबर सर्वांत कडक व ठिसूळ असते तेही नेमके त्याच वेळी.

दुसरी हालचाल उभी, म्हणजे चाकाची. जड चाक सांध्याजवळ आले की अलीकडची लादी दबते, पलीकडची अजून जागेवरच असते. क्षणात चाक पलीकडे जाते आणि उलटे घडते. मधल्या डांबरावर कात्री चालवावी तसा हा प्रकार होतो. डॉवेल शाबूत असतील आणि खाली पोकळी नसेल, तर कात्रीची पाती जेमतेम हलतात. डॉवेल गंजले असतील आणि लादी अधांतरी असेल, तर प्रत्येक मालट्रक एक काप देऊन जातो.

भेग बहुधा तळाशी सुरू होते आणि वर चढते. अमेरिकेतल्या रस्तेबांधणीत एक ढोबळ आडाखा रूढ आहे : भेग वर्षाला सुमारे एक इंच चढते. तीन इंचांचा थर दिला तर तीन-चार वर्षांत ती वर दिसू लागते. मग थर जाडच का देऊ नये? द्यावा, पण त्याला मर्यादा आहेत. प्रत्येक इंचाला पैसे पडतात. रस्ता उंच झाला की कडेची गटारे व पदपथ खाली जातात. आणि पुलाखालून जाणारा रस्ता उंचावला तर त्या पुलाखालून उंच मालट्रक जाईनासा होतो.

भेग दिसली म्हणजे रस्ता मेला असे नव्हे. भेग हे पाण्याला उघडलेले दार असते. तीत वेळीच डांबराचे भरण केले तर थर आणखी कित्येक वर्षे काम देतो. तसे न केले तर पाणी आत शिरते आणि डांबर व खडी यांची पकड सोडवते. काँक्रीटच्या कडा कुजतात, भेगेच्या दोन्ही बाजूंना पोटभेगा फुटतात, तुकडे उडतात आणि सांध्याच्या रेषेवरच खड्डे पडतात. वर आठ ते पंधरा वर्षांचा जो आकडा दिला, त्यातले पहिले टोक आणि शेवटचे टोक यांच्यामधला बराचसा फरक या एवढ्याशा देखभालीचा असतो.

पेनसिल्व्हेनियाचा धडा

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सापडते. तिथला ‘टर्नपाइक’ हा पथकराचा महामार्ग १ ऑक्टोबर १९४० रोजी वाहतुकीस खुला झाला. अर्विनपासून कार्लाइलपर्यंत १६० मैलांचा हा रस्ता त्या देशातल्या आरंभीच्या द्रुतगती महामार्गांपैकी एक. एकोणिसाव्या शतकात अर्धवट सोडून दिलेल्या एका रेल्वेमार्गाच्या बोगद्यांचा उपयोग करून तो डोंगरांतून नेला होता. साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले.

त्याचा पृष्ठभाग काँक्रीटचा होता, पण त्यात दोन उणिवा राहिल्या. एक, काँक्रीटखाली खडीचा थर न देता ते सरळ मातीवर ओतले होते. दोन, सांधे ७७ फुटांवर, म्हणजे सुमारे साडेतेवीस मीटरवर होते. मघाशी गणितात मी जो लांब लादीचा आकडा घेतला, तो इथूनच घेतला होता. तिथले हिवाळे गोठवणारे, आणि वाहतूक अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. चौदा वर्षांत रस्ता इतका खराब झाला की १९५४ पासून त्यावर तीन इंच डांबर घालण्यास सुरुवात झाली, आणि १९६२ पर्यंत मूळ रस्त्याची सारी लांबी डांबराखाली गेली.

वरची बाजू सुधारली, पण खालचे दोन्ही दोष जसेच्या तसे राहिले. लादी तीच, लांब सांधा तोच, खाली तीच उघडी माती. डांबराला यातले काहीही दुरुस्त करता येत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’! अखेर १९९० च्या दशकाच्या शेवटी या मूळ मार्गाची टप्प्याटप्प्याने संपूर्ण पुनर्बांधणी सुरू झाली. जुने डांबर आणि त्याखालचे जुने काँक्रीट काढून पार जमिनीपासून नवा रस्ता करायचा, असे हे काम होते. म्हणजे जे काम पायापासून करायला हवे होते, तिथवर येण्यास चार दशके लागली.

हे सांगताना त्या काळच्या अभियंत्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. १९५४ मध्ये रस्ता बंद करून उखडणे शक्यच नसेल. डांबराने त्यांना वेळ मिळवून दिला, आणि वेळ मिळवणे हेही मोठे काम आहे. मात्र मिळवलेला वेळ आणि झालेला इलाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेबाच्या वहीत त्या एकाच रकान्यात लिहिल्या की घोटाळा सुरू होतो.

‘टिकणे’ म्हणजे काय?

इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो खास आपल्या शाखेचा आहे. थर टिकला किंवा संपला, हे ठरवायचे कोणी?

अमेरिकेतच इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांचा एक प्रचंड प्रयोग झाला. त्याला ‘आशो रोड टेस्ट’ म्हणतात. डांबरी आणि काँक्रीटचे ८३६ नमुना-तुकडे असलेली सहा वळसेदार वर्तुळे बांधली. त्यांतल्या एका वर्तुळावर मुद्दाम वाहतूक सोडली नाही, म्हणजे निव्वळ हवामानाचा परिणाम वेगळा पाहता यावा. उरलेल्या पाचांवर सैन्यातले जवान दोन वर्षे मालट्रक फिरवत राहिले. एकंदर ११ लाख १४ हजार वेळा धुरांचा भार त्या तुकड्यांवरून गेला.

या प्रयोगातून जो प्रसिद्ध निष्कर्ष निघाला, तो असा की रस्त्याची हानी धुरेवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर हानी दुप्पट होत नाही, सोळापट होते. अर्धा टन धुराभाराची मोटार आणि दहा टन धुराभाराचा मालट्रक यांची तुलना केली, तर भार वीसपट, पण हानी एक लाख साठ हजार पट! यावरून दोन गोष्टी कळतात. थराचे आयुष्य वर्षांत मोजणे सोयीचे असले तरी रस्ता स्वतः वर्षे मोजत नाही. तो जड धुरा मोजतो. आणि क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेली एक गाडी ही मालकाच्या खिशात पडणारा नफा आणि जनतेच्या खिशातून जाणारा रस्ता असते.

पण मला त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त भावली. रस्ता चांगला की वाईट, हे ठरवण्यासाठी तिथे आधी यंत्र न वापरता माणसे वापरली. निवडक माणसांना गाडीत बसवून निरनिराळ्या रस्त्यांवरून नेले, आणि शून्य ते पाच असे गुण द्यायला सांगितले. त्या गुणांची सांगड नंतर यंत्राने मोजलेल्या खडबडीतपणाशी घातली. नव्या काँक्रीटला साधारण साडेचार गुण पडत, नव्या डांबराला त्याहून थोडे कमी. दीड गुणावर तुकडा निकामी धरला जाई. पुढे मोठ्या महामार्गांसाठी अडीच गुणांवरच दुरुस्तीची वेळ आली असे मानण्याचा प्रघात पडला.

म्हणजे पाहा, तोच थर, त्याच रस्त्यावर, अडीच गुणांची रेषा धरली तर दहा वर्षांत ‘संपतो’, आणि दीड गुणाची रेषा धरली तर आणखी काही वर्षे ‘टिकतो’. आयुष्य वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मृत्यूची व्याख्या बदलणे! म्हणून ‘हा थर पंधरा वर्षे टिकला’ असे कोणी सांगितले की नम्रपणे विचारावे : कोणत्या अवस्थेत टिकला? आणि शेवटची पाच वर्षे कोणाच्या कमरेने मोजली?

इलाज कोणते?

उमटणाऱ्या भेगा पूर्णपणे थांबवण्याचा बिनखर्चाचा उपाय अद्याप कोणाला सापडलेला नाही. मात्र त्यांना रोखण्याचे, लांबवण्याचे आणि सुसह्य करण्याचे अनेक मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे आधी खालची दुरुस्ती करायची. फुटलेल्या लाद्या बदलायच्या, पोकळीत सिमेंटचा पातळ गारा दाबाने भरायचा, निकामी डॉवेल नवे घालायचे, पाण्याला वाट काढून द्यायची, आणि मगच डांबर घालायचे. यात नवल काहीच नाही, आणि म्हणूनच बहुधा ते टाळले जाते.

दुसरा मार्ग लादी आणि डांबर यांच्यामध्ये डांबरात भिजवलेल्या विणीचे कापड किंवा लवचिक पडदा घालण्याचा. आडव्या हालचालीला याचा काहीसा उपयोग होतो, भेगेतून पाणी खाली जाणेही कमी होते. उभ्या हालचालीपुढे, म्हणजे त्या कात्रीपुढे, नुसते कापड फारसे टिकत नाही.

तिसरा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. भेग येणारच आहे ना? मग आपणच तिला बोलावून घ्यावे! नव्या डांबरावर, खालच्या सांध्याच्या बरोबर वर, करवतीने सरळ चीर पाडायची आणि तीत लवचिक द्रव्य भरायचे. भेग येते, पण आपण आखलेल्या जागी, आणि पाण्यासाठी दार बंद ठेवून. सांध्याच्या जागा मात्र अचूक खुणावून ठेवाव्या लागतात. चीर थोडी बाजूला गेली तर एकाऐवजी दोन भेगा पदरी पडतात.

चौथा मार्ग ऐकायला अघोरी वाटतो. डांबर घालण्यापूर्वी धडधाकट दिसणारे काँक्रीट मुद्दाम फोडायचे! प्रचंड वजनाच्या घणाने लादीला ठराविक अंतरावर बारीक तडे पाडतात आणि जड रोलरने तुकडे जागच्या जागी दाबून बसवतात. लांब लादीची नऊ मिलिमीटरांची एक हालचाल आता अनेक तुकड्यांत वाटली जाते, आणि एकाही तड्यावर डांबर फाटण्याइतका ताण येत नाही. याच्याही पुढे जाऊन काँक्रीटचा पार चुरा, म्हणजे खडीसारखा थर, करण्याची पद्धत १९८० च्या दशकापासून अमेरिकेत रुजली. तिथे सांधाच उरत नाही, मग तो उमटणार कुठून? पण सांध्याबरोबर लादीची ताकदही जाते. म्हणून वर डांबर बरेच जाड द्यावे लागते, आणि खालची जमीन ओली व कच्ची असेल तर हा मार्ग घेता येत नाही. असे रस्ते वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक टिकावेत अशा अपेक्षेने केले जातात.

तीस वर्षांचा जो उल्लेख मी आरंभी केला, तो कॅलिफोर्नियातला आहे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांचा माल वाहणारा ‘आय-७१०’ हा महामार्ग १९५० च्या दशकातला, काँक्रीटचा. २००३ मध्ये त्याच्या एका भागाचे काम झाले. शुक्रवारी रात्री रस्ता बंद करायचा आणि सोमवारी पहाटे उघडायचा, अशा ५५ तासांच्या सलग पाळ्यांत जुने काँक्रीट तडकवून, दाबून बसवून, त्यावर जाड डांबर चढवले. पुलांखाली उंची वाढवणे शक्य नव्हते. तिथे काँक्रीट खणून काढले आणि पूर्ण खोलीचा डांबरी रस्ता केला. आराखडा तीस वर्षांचा होता. पेनसिल्व्हेनियाचे तीन इंच आणि कॅलिफोर्नियाचा हा थर, दोन्ही ‘काँक्रीटवरचे डांबर’च, पण पहिल्यात खालच्या लादीला हात लावला नव्हता आणि दुसऱ्यात कामाची सुरुवातच तिच्यापासून झाली.

आपला प्रश्न

आता कोणी विचारील, या परदेशी पुराणाशी आपला संबंध काय? आपल्याकडे आज तर बहुधा उलटेच चालले आहे. शहरांतल्या जुन्या डांबरी रस्त्यांवर काँक्रीट चढवले जात आहे. खरे आहे. परंतु आज ओतलेले काँक्रीट उद्या म्हातारे होणारच.

काँक्रीट दीर्घायुषी असते याबद्दल वाद नाही. मुंबईचा मरीन ड्राइव्ह १९४० च्या सुमाराचा. त्याचा पृष्ठभाग नव्याने करण्याचे पालिकेने ठरवले ते २०१२ मध्ये, ७२ वर्षांनी. पण तिथे समुद्राकाठची हवा आहे, गोठवणारी थंडी नाही. साऱ्याच रस्त्यांच्या नशिबी असे हवामान नसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला, तोही प्रामुख्याने काँक्रीटचा. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, तोही काँक्रीटचा. आपल्याकडे काँक्रीटच्या महामार्गाचा आराखडा सामान्यतः तीस वर्षांचा धरतात. म्हणजे आज विशीत असलेले आपण पन्नाशीत पोहोचू, तेव्हा या रस्त्यांवर काय घालायचे हा प्रश्न आपल्यासमोर असेल. त्या वेळी आपल्यातले काही जण नगरसेवक असतील, काही पत्रकार, काही शासकीय सेवेत, आणि कर भरणारे तर सगळेच.

आपला निसर्ग वेगळा आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपल्याकडे जमीन गोठत नाही, लाद्याही आखूड आहेत. त्यामुळे तापमानाची आडवी हालचाल कमी. परंतु आपल्याकडे चार महिने पाऊस आहे, आणि पाणी हेच लादीखालच्या पोकळीचे मूळ कारण आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात काळे डांबर इतके तापते की मऊ होऊन चाकाखाली त्याला चाकोरी पडते. काँक्रीटवर ते नीट चिकटले नसेल तर घाटात व चौकात, जिथे गाड्या ब्रेक लावतात, तिथे ते सरकते. आणि जादा माल भरण्याचा मोह काही केवळ परदेशी नाही. तेव्हा अमेरिकेचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत; त्यांच्यामागचे कारण मात्र लावावे.

अर्थशास्त्राच्या भाषेत मांडायचे तर पातळ थराचा खर्च आज कमी असतो आणि त्याचे श्रेय लगेच मिळते. खालची दुरुस्ती आज महाग असते, दिसत नाही, आणि तिचा लाभ दहा-पंधरा वर्षांनी, बहुधा दुसऱ्याच कोणाच्या कारकिर्दीत, पदरात पडतो. त्यामुळे कोणीही अप्रामाणिक नसतानाही निर्णयाचा कल पातळ थराकडेच झुकतो. यावर माझ्या मते एकच उपाय आहे. थर घालण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे जाहीर व्हावीत : खालच्या सांध्यांची तपासणी झाली का? पाण्याची वाट केली का? आणि हा थर नेमका कोणत्या अवस्थेपर्यंत, किती जड वाहतुकीखाली ‘टिकला’ असे मानायचे? ही उत्तरे द्यायला अभियंता लागतो. प्रश्न विचारायला मात्र नागरिक पुरेसा आहे, मग तो कोणत्याही शाखेचा असो.